स्पीडवेल कडाक्याच्या थंडीतही टिकतं ना? मग माझं मधोमध मोकळं का झालं?

अर्धवटमाळी:

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कंटाळू नका.

विषय व्हेरॉनिका, म्हणजे स्पीडवेल. निळे उभे तुरे येतात ती, जमिनीसरशी पसरणारी नव्हे. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते. दरवर्षी नव्यानं लावत बसावं लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. रोपाच्या चिठ्ठीवर एवढंच छापलं होतं: व्हेरॉनिका, निळी, बारमाही, उणे ३४ अंशांपर्यंत तग धरते. तो आकडा वाचून मी निर्धास्त होतो.

रोपं दोन ठिकाणी लावली. काही उतारावर, तिथली माती हलकी आहे, खडी मिसळलेली. बाकीची खालच्या वाफ्यात. तिथे माती चिकट आणि छपराच्या पागोळ्या नेमक्या तिथेच गळतात. यंदा बर्फ वितळल्यावर बघतो तर खालच्या वाफ्यातली सगळी गेलेली. जरा ओढलं तर अख्खा ठोंब हातात आला, काळपट, मऊ, कुजकट वासाचा. आणि हिवाळा काही फार कडक नव्हता, पारा उणे ३४ च्या आसपासही फिरकला नाही.

उतारावरची जगलीत, पण त्यांचीही लक्षणं ठीक दिसत नाहीत. लावून दोन-तीन वर्षं झालीत. सुरुवातीला काड्या कशा ताठ उभ्या असायच्या, आता चहूबाजूंनी बाहेर कलंडतात आणि मधे मोकळी माती दिसते. खालची पानं वाळून तपकिरी झालीत, वरच्यांवर पांढरी भुकटी. ऊन भरपूर आहे. पाणी रोज संध्याकाळी पाइपनं, वरूनच. द्रवखत दर आठवड्याला.

पुढच्या हिवाळ्यात झाकून ठेवायची का? भुकटीवर काय फवारू? आणि तुरे सुकले की कापायचे की तसेच राहू द्यायचे?

ठोंब्या:

झाका हो, बिनधास्त झाका. वीतभर पेंढा वरून दडपून घाला, थंडीची काय बिशाद.

दगडफूल:

ठोंब्या, तुम्ही घेतलेलं नाव इतकं मनावर घेऊ नका. ठोंबाच्या डोक्यावर पेंढा दडपला तर उरलेली रोपंही वसंतापर्यंत कुजतील. जरा थांबा, नीट लिहिते.

आधी मेलेल्यांचं बोलू. चिठ्ठीवरचा आकडा खोटा नाही. अमेरिकी कृषी खात्याचे थंडीचे विभाग आहेत, त्यातल्या चौथ्या विभागात वर्षातलं सर्वांत कमी तापमान सरासरीनं उणे ३४ ते उणे २९ अंशांच्या दरम्यान असतं. आकडा तिथून आला. तुऱ्यांच्या काही व्हेरॉनिका तर त्याच्याही खालच्या तिसऱ्या विभागात, उणे ४० पर्यंत टिकतात. पण हा हिशेब सगळा हवेचा झाला. माती किती ओली, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. स्पीडवेल थंडीनं क्वचित मरतं, थंडीत पाय ओले राहिले की मरतं. झाड झोपलेलं असताना मुळं पाणी ओढत नाहीत. चिकट मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी आयतीच घुसते. तुम्हाला हातात आलेला काळा, मऊ ठोंब म्हणजे तेच. त्याला गारठा जबाबदार नाही, पागोळ्या आहेत.

हे झाड मुळात राहतं कुठे ते बघितलं की सगळं उलगडतं. व्हेरॉनिका स्पायकाटा ही युरोप-आशियातल्या कोरड्या, गवताळ, खडकाळ जागांतली. ब्रिटनमध्ये ती इतकी दुर्मीळ आहे की १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण दिलंय. तिथे ती उरलीय कुठे? पूर्व इंग्लंडच्या ब्रेकलँडमधल्या रेताड माळांवर आणि पश्चिमेकडे, वेल्समध्ये वगैरे, चुनखडीच्या कड्यांवर. कड्याच्या भेगेत राहणाऱ्या झाडाला पागोळीखाली करमेल कसं?

आता खरी गंमत पुढे आहे. स्पायकाटाची बहीण व्हेरॉनिका लाँगिफोलिया. ही नदीकाठची, ओलसर कुरणांतली. उंचीला ६० सेंटिमीटरपासून थेट १२० पर्यंत. हिला उन्हाळ्यात मुळाशी ओल लागते, ती नसली की खालून पानं वाळत वर जातात. म्हणजे एकीला ओल सोसत नाही, दुसरीला कोरड सोसत नाही, आणि रोपवाटिकेत दोघी शेजारी शेजारी मांडलेल्या, वर दोघींचे संकर, आणि चिठ्ठीवर सगळ्यांना मिळून नाव एकच, 'व्हेरॉनिका, निळी'. ही चिठ्ठी लिहिणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. रंग मोठ्या अक्षरांत लिहितील, जातीचं नाव मात्र गायब.

तेव्हा तुमची कुठली ते आधी ओळखावं लागेल. उंची सांगा, पान कसं आहे ते सांगा. खरबरीत, लुसलुशीत, चकचकीत, लव असलेलं, काय ते. पान लोकरीसारखं चंदेरी असेल तर ती स्पायकाटाचीच इनकाना, आणि हिवाळी ओलाव्याला सगळ्यांत नाजूक तीच.

जात कुठलीही निघो, खालच्या वाफ्याचा निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला दोन-तीन सेंटिमीटरसुद्धा उतरत नसेल तर तिथे स्पायकाटा लावू नका. आणि पुष्कळ लोक सांगतात तसं नुसत्या खड्ड्यात वाळू घालून तर मुळीच लावू नका. चिकणमातीत खणून वाळू भरली म्हणजे तळाला बूच लावलेली बादलीच झाली, आजूबाजूचं पाणी त्यातच येऊन साठतं. सुधारायचा तर अख्खा वाफा सुधारा, कंपोस्ट भरपूर मिसळा, आणि पृष्ठभाग वीतभर वर उचला. उंच वाफा हा सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. पागोळ्यांचं पाणी दुसरीकडे वळवा हे वेगळं सांगायला नको.

मग मधली मोकळी जागा. हा रोग नाही, हे वय आहे. ठोंब दरवर्षी बाहेरच्या अंगानं नवे फुटवे काढत रुंद होतो, आणि मधला जुना भाग लाकडासारखा कडक होऊन फुटायचा थांबतो. तीन-चार वर्षांनी हे होणारच. वसंतात फुटवे बोट-दीड बोट वर आले की अख्खा ठोंब खणून काढायचा. बाहेरच्या कडेचे, ज्यांना तीन ते पाच फुटवे आणि स्वतःची मुळं आहेत, असे तुकडे सोडवायचे. हातानं सुटले तर उत्तम, नाहीतर धारदार सुरी. मधला लाकडी भाग फेकून द्यायचा. त्यावर जीव लागतो खरा, पण त्यातून पुन्हा काही निघत नाही. तुकडे आधी होते तेवढ्याच खोलीवर लावायचे, बुटक्या जातीत ३० सेंटिमीटर अंतर, उंच जातीत ४५. पहिले काही आठवडे पाणी नियमित. त्याच वर्षी फुलं जरा कमी आली तरी पुढच्या वर्षी भरपाई होते.

हे शरद ऋतूतही चालतं, पण जमीन गोठायच्या निदान दीड महिना आधी. त्याहून उशीर झाला तर मुळं धरत नाहीत, आणि दिवसा वितळणं, रात्री गोठणं सुरू झालं की फुगणारी माती रोप वर ढकलते. सकाळी बघावं तर ठोंब अर्धा मातीबाहेर, मुळं उघडी. ठोंब्यांचा पेंढा इथे कामाचा, नव्या लावलेल्या रोपांसाठी. पण जमीन एकदा गोठली की मग घालायचा, सैलसर, आणि ठोंबाच्या डोक्यापासून चार बोटं लांब. त्याचा उद्देश ऊब देणं नाही, माती सारखी गोठू-वितळू नये एवढाच. जुनी, रुजलेली रोपं झाकायची गरजच नाही.

काड्या कलंडतात त्याला वय थोडं आणि तुमचं द्रवखत फार कारणीभूत आहे. दर आठवड्याला नत्र मिळालं तर झाड उंच, मऊ, पाणीदार वाढणारच, आणि पहिल्या सरीत आडवं होणार. या झाडाला वसंतात मूठभर कंपोस्ट पुरतं, उतारावरच्या हलक्या मातीतसुद्धा. द्रवखत बंद करा.

तुरे कापाच. तुरा खालून वर उमलत जातो. तीन-चतुर्थांश तपकिरी झाला आणि शेंड्याला थोडा निळा उरला की खालच्या पहिल्या चांगल्या बगलफुटीच्या वर कापा. त्या फुटीतून लहान तुरे येतात. पहिला बहर सरला की काड्या थेट बुंध्याशी दिसणाऱ्या ताज्या पानांपर्यंत उतरवा. रोप काही दिवस केविलवाणं दिसतं, नंतर नवी पानं येतात आणि नशीब असेल तर शरदाच्या तोंडावर दुसरा, लहान बहर.

मातीचे पाय:

दगडफूल यांच्याशी नव्वद टक्के सहमत. भुकटीबद्दल त्या बोलल्या नाहीत म्हणून मी बोलतो.

फवारा उचलायच्या आधी पान उलटून बघा. वरच्या बाजूनं पांढरी भुकटी, बोटानं पुसली जाते, ती भुरी. पानाच्या खालच्या बाजूला राखाडी-जांभळट लव आणि वर फिकट पिवळे डाग, तो केवडा. दोघांचा स्वभाव उलटा आहे. केवड्याला पानावर पाण्याचा थर लागतो, भुरीला लागत नाही. भुरी फोफावते ती मुळाशी कोरडं, हवा दमट आणि रोपांची दाटी, या तिन्हींच्या संगनमतानं. तुमचं वर्णन भुरीचं वाटतं.

पाणी संध्याकाळी वरून देता ते बदला. सकाळी, बुंध्याशी, आणि रोज थोडं थोडं देण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी मुरेल असं. रोजच्या शिडकाव्यानं वरची दोन बोटं भिजतात, मुळं तिथेच घोटाळतात, आणि खालची माती कोरडीच. रात्रभर ओली राहिलेली पानं केवड्याला आणि पानांवरच्या ठिपक्यांना आमंत्रण, तो भाग निराळा. तुम्ही ठोंब फोडून अंतरानं लावाल तेव्हा हवा खेळेल आणि निम्मी भुरी तिथेच जाईल. बहरानंतर बुंध्यापर्यंत छाटणी केलीत की रोगट पानं आपोआप जातात, नवी स्वच्छ येतात. फवारणीची वेळ माझ्या मते या झाडावर क्वचितच येते. फारच असेल तर गंधकाची, तीही कडक उन्हात नाही.

खालची वाळलेली पानं भुरीनंच वाळलीत असं नाही. कोरड्या गरमीत पानं आधी फिकट, बारीक ठिपक्यांची होऊन मग वाळत असतील तर लाल कोळी बघा. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, कागदावर ठिपके चालू लागले तर तेच. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, सकाळी.

एका मुद्द्यावर मात्र माझा वाद आहे. शरदात काड्या कापायच्या की नाही हे त्यांनी लिहिलं नाही, पण लोक सहसा सांगतात की ठेवा, बर्फ अडकतो, ठोंबाला आडोसा होतो. निरोगी रोपाला ते ठीक. ज्या वर्षी भुरी किंवा केवडा जोरात होता त्या वर्षी सगळं कापून, गळलेली पानं वेचून वाफ्याबाहेर न्या. रोग त्या कचऱ्यातच हिवाळा काढतो.

दगडफूल:

वाद कसला, मान्य. फक्त अगदी जमिनीलगत कापू नका, चार बोटं खुंट ठेवा. वसंतात झाड उशिरा जागं होतं, तेव्हा खुंट दिसला नाही तर त्याच जागी कोणीतरी खुरपं घालतं.

अर्धवटमाळी:

ताई, दादा, दोघांचे आभार. पान उलटून बघितलं, खाली लव नाही, वरची भुकटी बोटानं पुसली जाते. म्हणजे भुरी. उंची साधारण गुडघ्याएवढी, ५० सेंटिमीटर धरा. पान चकचकीत गडद हिरवं आणि सुरकुतलेलं, कडेला दाते. तुरे गडद निळे-जांभळे, फांदी फांदीला बरेच. यावरून जात कळेल?

दगडफूल:

सुरकुतलेलं चकचकीत पान आणि गडद निळा-जांभळा तुरा म्हणजे बहुधा 'सनी बॉर्डर ब्लू'. अमेरिकेतल्या बारमाही रोपं वाढवणाऱ्यांच्या संघटनेनं १९९३ साली हिला वर्षाचं बारमाही झाड म्हणून निवडलं होतं, तेव्हापासून सगळीकडे दिसते. हा संकर आहे, अंगात लाँगिफोलियाचं रक्त. त्यामुळे निचरा हवाच, पण स्पायकाटाएवढी कोरड ही सोसणार नाही. तुमच्या खडीच्या उतारावर खालची पानं वाळतात त्याचा उलगडा इथे होतो. फोडलेले तुकडे उतारावर लावताना मातीत कंपोस्ट मिसळा आणि ठोंबापासून अंतर ठेवून पालापाचोळ्याचं आच्छादन करा. काही तुकडे उंच केलेल्या खालच्या वाफ्यातही लावून बघा. पागोळी हटवली तर तिथे ही वरच्यापेक्षा खूश राहील.

बी धरू नका. संकराच्या बियांतून हीच जात येत नाही, उंचीला आणि रंगाला काहीही निघतं. वाढवायची तर फोडून, किंवा वसंतात बुंध्याजवळचे कोवळे फुटवे बोटभर असताना कापून, ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये. ज्यांना साध्या स्पायकाटाचं बी पेरायचंय त्यांच्यासाठी: बी धुळीएवढं बारीक असतं आणि रुजायला उजेड लागतो. वर माती टाकू नका, नुसतं दाबा. १८ ते २१ अंशांत दोन-तीन आठवड्यांत रुजतं.

कुंडीबहाद्दर:

मधेच घुसतो. माझ्याकडे थंडी नावालाच, रात्रीचं तापमान पंधराच्या खाली सहसा जात नाही. उन्हाळा दमट. गच्चीवर कुंडीत हे जमेल का? फोटो बघून वेड लागलंय.

मातीचे पाय:

वेड आवरा. तुऱ्यांच्या बऱ्याच व्हेरॉनिकांना काही आठवडे सणसणीत गारठा मिळाल्याशिवाय नीट फुलायचं सुचतच नाही. पानांचा झुबका होतो आणि वर्ष निघून जातं. त्यात गरम दमट रात्री, म्हणजे मूळकूज ठरलेली. असेच निळे-जांभळे उभे तुरे हवेत तर अँजेलोनिया लावा. ती त्याच कुळातली, इसबगोलही त्याच कुळातला, आणि अँजेलोनियाला उन्हाळा आवडतो. निळी साल्व्हिया फॅरिनेशियाही चालेल.

थंड प्रदेशात कुंडीत लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: चिठ्ठीवरचं उणे अमुक जमिनीतल्या झाडासाठी असतं. कुंडीत मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते, आणि मुळं खोडापेक्षा नाजूक असतात. हिवाळ्यात कुंडी जमिनीत पुरा किंवा गरम न केलेल्या आडोशाला न्या, आणि माती ओलीगच्च करू नका.

अर्धवटमाळी:

जाता जाता एक. हिरवळीत इवलीशी आकाशी फुलं येतात, चार पाकळ्या, खालची सगळ्यांत लहान. कोणीतरी म्हणालं हेही स्पीडवेलच. मग काढू की ठेवू?

दगडफूल:

आहेच. चार पाकळ्या, त्यातली वरची मोठी, खालची लहान, आणि पुंकेसर फक्त दोन, ही सगळ्या व्हेरॉनिकांची खूण. फूल प्रत्येक पानाच्या बगलेत एकेकटं, लांब देठावर, आणि झाड लवदार, फाफटपसारा असेल तर पर्सिका. ती वर्षभराचं आयुष्य घेऊन आलेली असते, बी पडायच्या आत उपटली की प्रश्न मिटतो. पण देठ दोऱ्यासारखे बारीक आणि गाठीगाठीला मुळं फुटलेली असतील तर फिलिफॉर्मिस. ही कॉकेशस-तुर्कस्तानाकडची, लोकांनी हौसेनं दगडबागेत लावायला आणली आणि ती हिरवळीत जाऊन बसली. बियांवर तिचं फारसं अडत नाही, गवत कापायच्या यंत्रानं झालेले तुकडेच जागोजाग रुजतात. हातानं वेचून काढायची असेल तर माती ओली असताना काढा, आणि जिथे ती आहे तिथलं कापलेलं गवत गोळा करा, पसरू देऊ नका, कंपोस्टातही टाकू नका.